दोन फड

काळ्या पडद्यावर बासरी. मग भेगाळलेल्या जमिनीचं जवळून चित्रण, भेगेत अडकलेलं एक वाळकं पान. पुढच्या दृश्यात म्हातारा, कपाळावर आडवा हात धरून आभाळाकडे बघणारा. मग रिकामी घागर, मोटारसायकलवरून आलेला वसुलीवाला, मुलीच्या लग्नाचा विषय. सातव्या मिनिटाला कॅमेरा बाभळीच्या फांदीकडे वळला की आपण समजून जायचं. पाठोपाठ पांढऱ्या अक्षरांत संदेश, आणि सभागृहात टाळ्या.

मराठवाड्यातल्या महाविद्यालयीन लघुपट स्पर्धांना परीक्षक म्हणून बसण्याचा योग मला अधूनमधून येतो. तिथं हा चित्रपट मी इतक्या वेळा पाहिलाय की आता त्याच्या पुढचं दृश्य मीच सांगू शकतो. दिग्दर्शक बदलतो, महाविद्यालय बदलतं, म्हातारा बदलतो. झाड तेवढं तेच राहतं. पोरांची कळकळ खोटी नसते, हे आधीच सांगून टाकतो. ज्यानं हा लघुपट केलाय त्याच्या चुलत्याच्या घरात हे घडलेलं असू शकतं. तरीही पाचवा म्हातारा पडद्यावर आला की आपल्याला काही होत नाही, आणि काही होत नाही याची लाज वाटते. ही लाज त्या पोरांच्या वाट्याला यायला नको. म्हणून हा लेख.

या पोरांना विचारलं, तुमच्या लघुपटाचा प्रकार कोणता, तर उत्तर ठरलेलं असतं: ‘सामाजिक’. शहरातली मुलं ‘हॉरर’, ‘थ्रिलर’, ‘कॉमेडी’ असे जॉनर मोजतात. आमच्याकडं विषय आहे, जॉनर बिनर काय करायचाय, असा त्यामागचा भाव. बीडसारख्या जिल्ह्यात तो भाव समजण्यासारखा आहे. अकरा तालुके, त्यातले बरेचसे बालाघाटाच्या डोंगरावर नाहीतर त्याच्या पायथ्याशी, पाऊस बेभरवशाचा, दसरा उलटला की लाखो माणसं कोयते बांधून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जाणार. दुःख शोधत हिंडावं लागत नाही, ते ओट्यावर येऊन बसलेलं असतं. पण ‘आमचा कुठलाच प्रकार नाही’ म्हणणाऱ्या या लघुपटाइतका कडक नियमांचा प्रकार दुसरा नाही. भेगा, घागर, म्हातारा, फांदी, संदेश. हिंदी सिनेमातल्या जुळ्या भावांच्या गोष्टीतसुद्धा इतकं काटेकोर ठरलेलं नसतं. ‘सामाजिक’ हाही एक जॉनरच आहे. फक्त तो निवडलाय हे करणाऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून तो मोडायचा कसा हेही सुचत नाही.

बीडच्या पोरांना फड म्हटलं की उसाचा आठवतो. मराठीत फड आणखी एक आहे, तमाशाचा. दोन्ही साधारण दसऱ्यालाच घराबाहेर पडतात. उसाचा फड कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, चालतो, तमाशाचा बुद्ध पौर्णिमेच्या आसपास थंडावतो. दोन्हीकडं माणसं ट्रकातून हिंडतात, मोकळ्या रानात पालं टाकतात, आणि दोन्ही व्यवहार आगाऊ पैशांवर उभे असतात. बीडच्या विद्यार्थ्याला पहिल्या फडानं कथा दिली आहे. ती सांगायची कशी, हे त्यानं दुसऱ्या फडाकडून शिकावं, असं मला फार दिवसांपासून वाटतं.

तमाशाचा क्रम बघा. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, शेवटी वग. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट किसनदेव आणि पेंद्या अडवणार, आणि पदर खोचून मावशी येणार. ती बाईच्या वेशातला पुरुष आहे हे पाचव्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मावशीनं तोंड उघडायच्या आत माणसं हसायच्या तयारीत बसलेली असतात. कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. मावशी नेहमीचंच बोलणार हे माहीत असल्यामुळं ती मध्येच गावच्या पुढाऱ्यावर घसरली की हशा दुप्पट होतो. ठरलेल्या वाटेवर चालता चालता अचानक आडवाट धरायची, हीच गंमत. मुळात वाटच नसेल तर आडवाट कुठून काढणार?

इंग्रजी पुस्तकांत याला प्रेक्षकाशी केलेला करार म्हणतात. बीडच्या पोरांना मी वेगळा शब्द सांगतो, उचल. मुकादम हंगामाच्या आधी उचल देतो आणि ती अंगावर घेतलेलं जोडपं पुढचे पाच-सहा महिने घाम गाळून फेडत राहतं. लघुपटात उचल घेणारे तुम्ही असता. पहिल्या मिनिटाला तुम्ही प्रेक्षकाकडून विश्वास आगाऊ घेता: ही भुताची गोष्ट आहे, अंधारात बस; ही हसायची गोष्ट आहे, पाय सैल सोड. तो विश्वास देतो. पुढचा सगळा वेळ तुम्ही तो फेडायचा. वेगळ्या नाण्यात फेडला तरी चालतो, फक्त बुडवायचा नाही. आणि लघुपटाला या उचलीची गरज मोठ्या चित्रपटापेक्षा जास्त असते, कारण त्याच्याकडं वेळ नसतो. दहा मिनिटांत माणसं ओळखीची करायची, गाव उभं करायचं, प्रसंग घडवायचा. प्रकार ठरलेला असला की यातलं अर्धं काम प्रेक्षकच करून टाकतो.

हे आपल्याकडं सगळ्यात आधी दादासाहेब फाळक्यांना कळलं होतं. लंडनला जाऊन कॅमेरा मिळवल्यावर भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोपाची वाढ थोडी थोडी करून टिपली. हात बसावा म्हणून केलेला लघुपटच तो. मग १९१३ साली पहिला मोठा चित्रपट करताना त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ निवडला. चित्रपट मुका आणि बहुतेक प्रेक्षक निरक्षर. पण राज्य कुणी मागितलं, राजा डोंबाघरी का राबतो, हे लोकांना आजीच्या मांडीवरच कळलेलं होतं. फाळक्यांच्या गप्प पडद्यावरचे संवाद प्रेक्षकांनीच मनात म्हटले. भक्तीचा भाग त्यात होताच. पण पौराणिक प्रकारानं त्यांची किती रिळं वाचवली याचा हिशेब कुणी फारसा मांडत नाही.

फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती. एका उपाहारगृहात स्वयंपाकाचं काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना त्यांनी लुगडं नेसवलं. शंभरावर वर्षं उलटली, तरी तालुक्याच्या गावात लघुपट करणाऱ्या पोरापुढची पहिली अडचण तीच आहे. वर्गात निम्म्या मुली असतात. कॅमेऱ्यापुढं यायला घरून परवानगी क्वचितच एखादीला असते. त्यामुळं इकडच्या प्रेमकथांत नायिका पाठमोरी असते, नाहीतर फोनवरचा आवाज, नाहीतर मेलेली. पुढं त्याच प्रेमकथा दोन मित्रांच्या गोष्टी होतात. प्रकार निवडणं निव्वळ आवडीवर नसतं, गावात काय शक्य आहे यावरही असतं.

बीडहून चित्रपट शिकायला निघालेला मुलगा पुणे-मुंबईच्या आधी एकतर छत्रपती संभाजीनगर गाठतो, नाहीतर नगर. आष्टी-पाटोद्याकडच्या माणसाला नगर कायमच जवळचं. (या वाटेवरच्या रेल्वेची वाट बघण्यात तीन दशकं गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये ती आष्टीला आली, सप्टेंबर २०२५ मध्ये बीडला. १८९६ च्या जुलैत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या माणसानं दाखवलेल्या चित्रफितींत एक आगगाडी फलाटावर येण्याचीही होती. बीडकरांनी मोबाइलवर तीच फीत नव्यानं काढली.) याच नगरमध्ये, न्यू आर्ट्स महाविद्यालयात मास कम्युनिकेशन शिकताना करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून २००९ च्या सुमारास ‘पिस्तुल्या’ केला. पंधराएक मिनिटांचा लघुपट. शाळेची ओढ असलेला आणि पोटासाठी चोरीकडं ढकलला जाणारा पारधी मुलगा. ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत नॉन-फीचर विभागात पदार्पणातल्या दिग्दर्शकाचा पुरस्कार त्याला मिळाला.

मराठवाड्यातल्या कितीतरी पोरांना ‘पिस्तुल्या’नं कॅमेरा हाती घ्यायला लावलं. पण त्यातून धडा बहुधा चुकीचा घेतला गेला. ‘वंचित मुलगा घ्या, पुरस्कार मिळतो’ असा तो धडा. मंजुळे यांचा पुढचा प्रवास पाहिला तर उलटंच दिसतं. २०१६ च्या ‘सैराट’मध्ये त्यांनी प्रेमपटाची उचल घेतली, आणि भरपूर घेतली: विहिरीतल्या उड्या, बुलेट, ट्रॅक्टर, गाणी. हिंदी सिनेमानं चाळीस वर्षं वापरलेला सगळा ऐवज. शेवटच्या काही मिनिटांत संगीत गप्प होतं आणि लहान मूल रक्ताळलेल्या पावलांनी चालत जातं. हाच शेवट ‘जातिव्यवस्था : एक सामाजिक समस्या’ अशा चेहऱ्यानं सुरू झालेल्या चित्रपटाला असता, तर लोकांनी तो आधीच ओळखला असता. प्रेमपट बघायला आलेले बेसावध होते. शंभर कोटींहून अधिक रुपयांची तिकिटं घेतलेल्या त्या बेसावधांना घरी जाताना बोलणं सुचत नव्हतं.

आता एक गोष्ट घेऊ. माझीच आहे, कुणीही वापरावी. धारूर-वडवणीकडच्या डोंगरातली एक वाडी. दिवाळी तोंडावर. ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या, घरांना कुलपं लागली. राहिली म्हातारी माणसं, काही लेकरं आणि कुत्री. एक आजी रोज तिन्हीसांजेला शेजारच्या बंद घरांच्या उंबऱ्यावर पणती लावते. घरमालकांनी जाताना तिला तेलाचे पैसे दिलेत, किंवा दिलेले नाहीत. ते आपण ठरवायचं. एवढीच गोष्ट.

‘सामाजिक’ केली तर काय होईल ते सांगायला नको. बासरी आहेच.

हीच गोष्ट भयपट म्हणून बघा. शहरातून सुट्टीला आलेला नातू. वाडीत कुणी नाही असं त्याला सांगितलंय, आणि अंधार पडल्यावर त्याला समोरच्या ओळीत एकेक दिवा पेटताना दिसतो. बस्स, पहिलं मिनिट झालं. एक शब्द न बोलता उचल हातात. आता तुमचा कॅमेरा रिकाम्या घरांमधून फिरू शकतो. कुलपं, खुंटीला अडकवलेलं दप्तर, चुलीवर पालथं घातलेलं पातेलं, कॅलेंडरचं ऑक्टोबरवर थांबलेलं पान. माहितीपटात या वस्तू ‘स्थलांतराची विदारकता’ झाल्या असत्या आणि प्रेक्षकानं जांभई दिली असती. इथं तो एकेक वस्तू डोळे फाडून बघतो, कारण तिच्यामागून काहीतरी निघेल असं त्याला वाटतंय. ‘हे बघा’ असं न म्हणता बघायला लावण्याची ही ताकद दुसऱ्या कुठल्या प्रकारात इतक्या स्वस्तात मिळत नाही.

स्वस्तात हे महत्त्वाचं. विद्यार्थ्याकडं एक मोबाइल, एक उसना माइक, मित्राची मोटारसायकल आणि दोन रात्री असतात. अंधाराला भाडं पडत नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका विद्यापीठात शिकलेल्या दोघांनी १९९९ मध्ये ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ आणला. तीन विद्यार्थी माहितीपट करायला जंगलात जातात आणि परत येत नाहीत, एवढीच गोष्ट. अख्ख्या चित्रपटात चेटकीण एकदाही दिसत नाही. हलता कॅमेरा, काटक्या मोडल्याचा आवाज आणि रडवेले चेहरे. उसाच्या फडात तर आवाजासाठी काहीच करावं लागत नाही. वारा सुटला की पाती एकमेकांना घासून जे कुजबुजतात ते कुठल्याही संगीतकाराच्या हातून व्हायचं नाही. रात्री-बेरात्री ट्रक भरायला येतो तेव्हा हेडलाइटच्या झोतात पाचटाची धूळ उडत असते, आणि डोक्यावर मोळी घेतलेली माणसं फळीवरून चढताना नुसत्या काळ्या आकृती दिसतात. मुंबईत असा प्रकाश उभा करायला दिवसभर लागेल.

उसातलं भूत मराठी पडद्यावर येऊनही गेलंय. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. उसाच्या रानातलं एकाकी घर, त्यात लपायला आलेली गरोदर बाई, आणि उसातून लपाछपी खेळणारी लेकरं. ती लेकरं कोण हे हळूहळू कळतं, तेव्हा भीतीची जागा दुसरंच काहीतरी घेतं. विषय मुलींना मारून टाकण्याचा. पुढं त्याच दिग्दर्शकानं हिंदीत त्याचा ‘छोरी’ केला. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागं ८०७ मुली असा आकडा निघालेला, राज्यात सगळ्यात तळाचा जिल्हा आमचा होता. त्यावर इकडच्या शाळा-महाविद्यालयांत पथनाट्यं झाली, निबंध झाले, ‘बेटी बचाव’च्या भिंती रंगल्या, लघुपटही झाले. त्या लघुपटांत एक मुलगी कॅमेऱ्याकडं बघून विचारते, ‘माझी काय चूक?’ ‘लपाछपी’त असं कुणी विचारत नाही. तिथं ती लेकरं खेळतात. बीडच्या एखाद्या पोराला हा चित्रपट आधी का सुचला नाही, याची मला चुटपुट आहे. ऊस त्याचा, आकडा त्याचा.

सगळं भुतांवर सोपवावं असं मात्र मी म्हणत नाही. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये चव्हाट्यावर आला. सरकारनं नेमलेल्या समितीपुढं आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. इकडं बाया त्याला ‘पिशवी काढली’ म्हणतात, दात काढल्यासारखं. एक दिवस कामावर न गेलं तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांचा, आजारपणाचा खाडा परवडत नाही. अनंत महादेवन यांनी यावर ‘बिटरस्वीट’ हा मराठी चित्रपट केला, २०२० च्या बुसान महोत्सवात तो दाखवला गेला. त्यांनी वास्तववादी वाट धरली आणि मला ती बरोबर वाटते. ज्या बाईच्या पोटावर खरा टाका आहे, तिच्या गोष्टीला भुताचा मुलामा द्यायला माझा हात धजणार नाही. सीमा कुठं आहे, मला नेमकं सांगता येत नाही. पणतीच्या गोष्टीला भूत चालतं, पिशवीच्या गोष्टीला चालत नाही; एवढं हाताला कळतं.

तीच पणतीची गोष्ट आता विनोदी करून बघू. उचल घेऊन पळालेल्या एका जोडप्याला शोधत मुकादमाचा माणूस वाडीत येतो. आजी त्याला पहिल्या घरी पाठवते, तिथून दुसऱ्या, मग तिसऱ्या. प्रत्येक दारात पणती जळतेय, म्हणजे घरात कुणीतरी असणारच. तो दारं ठोठावत हिंडतो. ज्यांना तो शोधतोय ते आजीच्याच माळ्यावर. मला हा लघुपट बघायला फार आवडेल. भयपटात दिवा भीतीचा होता, इथं तो थापेचा झाला, दिवा तोच. पण विनोदी करायला घेतलं की बीडच्या पोरापुढं एक वेगळाच पेच उभा राहतो, भाषेचा.

मराठवाडी बोली मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर आली तीच मुळी हसत. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं पन्नासहून अधिक पात्रं उभी केली आणि महाराष्ट्र लोळत हसला. पुढं तोच एकपात्री प्रयोग माजलगावच्या संदीप पाठक यांनी जिवंत ठेवला. मकरंद अनासपुरे यांनी तो हेल चित्रपटांत नेला आणि ती मोठीच कामगिरी होती. ‘जाऊ तिथे खाऊ’मध्ये विहीर चोरीला गेल्याची तक्रार करणारा शेतकरी ज्या भाषेत बोलतो त्या भाषेतच ती तक्रार खरी वाटते. पण या सगळ्या यशाचा एक उलटा परिणाम झाला. हा हेल कानावर पडला की पुण्या-मुंबईचा प्रेक्षक हसायला सुरुवात करतो. भाषाच जॉनर होऊन बसली. बीडचा मुलगा आपल्या आईच्या तोंडच्या बोलीत गंभीर प्रसंग लिहितो आणि बाहेरच्या महोत्सवात नेमक्या त्या वाक्याला खसखस पिकते. असं घडताना मी अंधारात बसून पाहिलंय. तो मुलगा माझ्या पुढच्याच रांगेत होता. पुढच्या वेळी अशी मुलं गंभीर पात्रांना ‘शुद्ध’ मराठी देतात आणि लघुपट तिथंच मरतो. उसाच्या बांधावर उभा राहून बातम्या वाचल्यासारखं बोलणारा बाप कुणाला खरा वाटेल?

यावर उपाय तमाशातच आहे. मावशीच्या भाषेला हसवून घ्यायचं, प्रेक्षक ढिला पडला की त्याच भाषेत त्याला गप्प करायचं. माळ्यावर लपलेल्या जोडप्यातली बाई खाली डोकावून आजीला हळूच विचारते, ‘गेला का गं तो?’ पहिल्यांदा हशा. तिसऱ्यांदा विचारते तेव्हा आवाजात कापरं असलं पाहिजे. शब्द तेच, हेलही तोच.

रहस्यपटावर मी फार वेळ घालवणार नाही. आजी पणत्या का लावते हे शेवटपर्यंत दडवून ठेवायचं आणि शेवटी उलगडायचं, असा लघुपट पुष्कळजण करतात. उलगडा झाला की तो पुन्हा बघावासा वाटत नाही.

गुन्हेपटाबद्दल मात्र बोलावंच लागेल. २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’नंतर गावोगावच्या पोरांना तो साचा सापडला: विकलेली जमीन, आलेला पैसा, गाड्यांचा ताफा, भाईचं चालणं. मुळात ती जमीन गमावलेल्या बापांची गोष्ट होती. नकलांमध्ये उरलं ते चालणं. त्यातच ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पुढचे कित्येक महिने वाहिन्यांवर बीड म्हणजे एक मालिका झाली: ढोलासारखं पार्श्वसंगीत, लाल वर्तुळं, गुन्हेगारीच्या राजधानीच्या उपमा. मार्च २०२५ मध्ये मारताना झालेल्या छळाची छायाचित्रं लोकांसमोर आली. मोबाइलनं काढलेली होती.

ज्या यंत्रावर आमची पोरं लघुपट काढतात तेच हे यंत्र. त्यानंतर एखादा विद्यार्थी ‘सर, गँगस्टर करायचाय’ म्हणत आला की मी नाही म्हणत नाही, पण एक विचारतो: मारणाऱ्याच्या पाठीमागं कॅमेरा ठेवणार आहेस की ज्याच्या घरी माणूस परतला नाही त्याच्या ओसरीवर? गुन्हेपट ओसरीवरूनही करता येतो. रात्रीचे अकरा, ताटावर झाकण, फोन लागत नाही. त्यात एकही पिस्तूल नसतं, म्हणून पोरांचे चेहरे पडतात.

एक प्रकार इकडं कुणीच करत नाही, आणि खरंतर त्याचं नेपथ्य आयतं उभं आहे: विज्ञानकथा. परळीला या. औष्णिक वीजकेंद्राची धुरांडी, शीतकरणाचे अवाढव्य मनोरे, राखेचे ढीग, रस्त्याकडेच्या झाडांवर राखाडी थर. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं गेलं, लाखो लिटर, टाक्या भरभरून. पाण्याची आगगाडी! परदेशी लेखकानं ही कल्पना कादंबरीत मांडली असती तर आपण तिला दूरदृष्टीची म्हटली असती. जॉर्ज लुकास यांनी १९६७ मध्ये विद्यार्थी असताना भविष्यातल्या तुरुंगवजा जगाचा पंधरा मिनिटांचा लघुपट केला, तो बोगद्यांत, कॉरिडॉरमध्ये आणि वाहनतळांवर. परळीच्या राखेत उभं राहून ‘साल २०७०’ अशी एक पाटी टाकली की झालं. प्रेक्षकाला वाटेल, कल्पना आहे. दहाव्या मिनिटाला त्याला कळावं की हे सगळं त्याच्या गावाहून तासाभराच्या अंतरावर आहे.

चांगल्या लघुपटांत बहुतेकदा असंच काहीतरी तिरकं असतं. पोलंडच्या वुज शहरातल्या चित्रपटशाळेत रोमान पोलान्स्की यांनी १९५८ मध्ये केलेल्या लघुपटात दोन माणसं समुद्रातून एक कपाट उचलून बाहेर येतात. ट्राम त्यांना घेत नाही, हॉटेल घेत नाही, कुणीच घेत नाही. शेवटी ती कपाटासकट पुन्हा समुद्रात जातात. समाज कुणाला बाहेर ठेवतो, यावर एक शब्द नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये उमेश कुलकर्णी यांनी डिप्लोमासाठी ‘गिरणी’ केला. संसाराला हातभार म्हणून घरात पिठाची गिरणी येते. मुलाला आधी तिचं केवढं अप्रूप, मग तिच्या घरघरीनं त्याचं बालपणच दळून निघतं. गरिबीवरचा लघुपट असं त्याला कुणी म्हणणार नाही, तो आवाजावरचा लघुपट आहे. राज प्रीतम मोरे यांच्या ‘खिसा’त एका मुलाला शाळेच्या सदऱ्याला मोठ्ठा खिसा हवा असतो. एवढ्याशा हट्टावरून गावातल्या मोठ्या माणसांचे चेहरे उघडे पडत जातात. कपाट, गिरणी, खिसा. घागर आणि फांदी सोडून आमच्याकडं काय आहे याची यादी एकदा पोरांनी करून बघावी. कोपीवर, म्हणजे तोडणीवरच्या झोपडीवर, टाकलेला जुन्या निवडणुकीचा फ्लेक्स. मुकादमाची वही. बैलाच्या शिंगांना लावायचा हिंगूळ. आणि कोयता म्हणजे माणूस, ही तर आमची बोलायची रीत. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. ‘यंदा वीस कोयते आणलेत’ असं मुकादम म्हणतो, तेव्हा तो चाळीस माणसांबद्दल बोलत असतो. या एका वाक्यातून परीकथा निघू शकते: एके सकाळी कोपीत नवरा-बायकोच्या जागी खरोखरच एक कोयता पडलेला असतो, आणि त्यांची पोरगी तो उचलून फडात जाते.

मी परीकथा म्हणालो. कुणी तिला भयकथा म्हणेल. कुणी हसतही सांगेल.

शेवटी एक अडचण राहतेच, आणि तिच्यावर माझ्याकडं तोडगा नाही. हे सगळं ज्याला सगळ्यात चांगलं काढता येईल तो मुलगा दिवाळीनंतर महाविद्यालयात नसतो. आईबापांबरोबर तोही फडात असतो, निदान सुट्टीपुरता. उजाडायच्या आत तोडणी सुरू, दुपारी मोळ्या बांधायच्या, गाडी कधी येईल त्याचा नेम नाही. दिवसा मोबाइल काढून उभा राहिला तर वहीत खाडा लागतो. गाडी भरून गेली की ती परत येईपर्यंत मध्ये तास-दोन तास मिळतात, बहुधा रात्रीचे. कोपीत बाया भाकरी टाकत असतात, जाळाचा उजेड एका बाजूनं तोंडावर पडतो, मागं काळाकुट्ट ऊस. बॅटरी तीस टक्के. कुठला प्रकार करायचा हे त्यानं त्या तासाभरात ठरवायचं असतं.